८५० वॅटची पेटी आणि एक करपलेला प्लग

गेल्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याने प्रयोगशाळेसाठी संगणक जोडला. त्रिमितीय चित्रांची आकडेमोड भराभर व्हावी म्हणून त्याने त्यात दोन ग्राफिक्स कार्डे बसवली. पॉवर सप्लायची पेटी होती ८५० वॅटची. बेरीज त्याने आधीच करून ठेवली होती. प्रत्येक कार्डाला २२५ वॅट, म्हणजे दोन्हींना ४५०, प्रोसेसरला १२५, पंखे, डिस्क वगैरेंना ७५. एकूण ६५० वॅट. २०० वॅट शिल्लकच! तरीही अर्ध्या तासात करपल्याचा वास आला. पाहतो तो पेटीकडच्या एका प्लगचे प्लॅस्टिक वितळून तपकिरी पडलेले. बेरीज तर बरोबर होती. मग चुकले कुठे?

शक्ती = विभवांतर × विद्युतप्रवाह, हे सूत्र तुम्हांला ठाऊक आहेच. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा असतो. तेथे ४५० वॅटसाठी सुमारे २ अँपिअर प्रवाह पुरतो. परंतु पेटीतून कार्डांना मिळतात फक्त १२ व्होल्ट. म्हणून प्रवाह हवा ४५० ÷ १२ = ३७.५ अँपिअर. गीझरचा मोठा प्लगसुद्धा १६ अँपिअरचाच असतो, हे लक्षात घ्या.

हा प्रवाह वाटून न्यावा लागतो. कार्ड ज्या खाचेत बसते तिच्यातून त्याला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. उरलेले १५० वॅट आठ पिनांच्या प्लगमधून येतात. १५० ÷ १२ = १२.५ अँपिअर. या प्लगला १२ व्होल्टच्या तीन तारा असतात, म्हणजे दर तारेत सुमारे ४.२ अँपिअर.

आमच्या विद्यार्थ्याने घेतलेल्या केबलच्या टोकाला असे दोन प्लग होते. त्याने एक या कार्डाला लावला, दुसरा त्या कार्डाला. दुसरी केबल खोक्यातच राहिली. आता त्या एकाच केबलमधून २५ अँपिअर वाहू लागले. दर तारेत ८.३ अँपिअर.

प्रवाह दुप्पट, तर उष्णताही दुप्पट, असे तुम्ही म्हणाल. पण तसे नाही. तारेत दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा ज्यूलचा नियम. म्हणून प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट!

आकडेच पाहू. ६० सेंटिमीटर लांबीच्या अशा एका तारेचा रोध सुमारे ०.०१३ ओहम असतो. ४.२ अँपिअरला तीत ०.२३ वॅट उष्णता होते, ८.३ अँपिअरला ०.९० वॅट. तार लांब असते, तिला हवा लागते. एवढे ती सोसते. पण प्लगमधली पिन सैल बसली असेल तर? समजा, त्या सांध्याचा रोध ०.०५ ओहम झाला. तर ८.३ अँपिअरला तेथे सुमारे ३.५ वॅट उष्णता होईल, तीही तांदळाच्या दाण्याएवढ्या, प्लॅस्टिकने वेढलेल्या जागेत. उष्णतेने पिनेची पकड ढिली होते, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. असे हे चक्र प्लॅस्टिक वितळेपर्यंत चालते.

तेव्हा पेटी किती वॅट देते एवढेच विचारू नका. कोणत्या तारेतून किती अँपिअर जातात तेही विचारा. पेटीवरच्या तक्त्यात १२ व्होल्टसमोरचा अँपिअरचा आकडा वाचा. प्रत्येक कार्डाला पेटीपासून स्वतंत्र केबल द्या. प्लग ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा. एका पेटीची केबल दुसऱ्या बनावटीच्या पेटीला लावू नका. प्लग बसला, तरी आतल्या तारांचा क्रम निराळा असू शकतो. आणि पेटी कधीही उघडू नका. वीज बंद केल्यावरही तिच्यातील धारित्रांत घातक विद्युतभार टिकून राहू शकतो.

आमच्या संगणकाला आम्ही नवी पेटी आणली आणि या वेळी दोन केबल लावल्या. बेरीज तीच होती. वाटणी तेवढी बदलली.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. कार्डे १२ ऐवजी २४ व्होल्टवर चालणारी असती, तर तेवढ्याच शक्तीसाठी त्याच तारेत उष्णता किती पट झाली असती? उत्तर सापडले की कोयनेची वीज दूरवर नेताना दोन लाखांहून अधिक व्होल्ट का वापरतात, हेही तुम्हांला सांगता येईल.