मांडीवरचा प्रेक्षक

२०१६ च्या एप्रिलमध्ये जॉन फॅवरोचा ‘द जंगल बुक’ आपल्याकडे अमेरिकेच्या आठवडाभर आधी लागला, आणि सेन्सॉर बोर्डानं त्याला ‘यू’ऐवजी ‘यूए’ दिलं म्हणून केवढा हशा झाला होता. तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांचं म्हणणं असं की, पुस्तकाच्या नावावर जाऊ नका, थ्रीडीत जनावरं थेट अंगावर येतात. ज्यांचं लहानपण दूरदर्शनवरच्या मोगलीत गेलं, त्यांनी या विधानाची यथेच्छ टिंगल केली. त्या बोर्डाच्या बऱ्याच निर्णयांवर मीही आजवर हसले आहे, पण हा निर्णय माझ्या मते बरोबर होता. टिंगल करणाऱ्यांना मी एवढंच विचारते: सिनेमा बघताना तुमच्या मांडीवर कोण बसलं होतं?

माझ्या मांडीवर भाचा होता, नुकतं चौथं वर्ष संपलेला. शेजारी तिसरीतली भाची, पलीकडे सातवीतला पुतण्या, आणि मागच्या रांगेत भाऊ-वहिनी. सुट्टी लागली की आमच्याकडे ‘सगळे मिळून जाऊ’ हा एक हट्ट असतो. “ताई, लहानांना चालेल ना हो?” असं वहिनीनं निघताना विचारलं होतं, आणि त्यावर घरातल्या चार जणांनी एकदम “अगं, मोगलीच तर आहे!” म्हणून तिला गप्प केलं होतं.

शेरखान आला तेव्हा धाकटा खूश. हिंदीत त्याला नाना पाटेकरांचा आवाज आहे, दूरदर्शनच्या मालिकेतही होता, म्हणून मोठ्यांच्यातही कुजबुज झाली. वाघ येणार हे पोराला ठाऊक होतं, तो वाट बघत होता. त्याला घेरलं ते वानरांच्या राजा लुईनं. पडक्या देवळातला मिट्ट अंधार, त्यातून आधी हात येतो, मग सावकाश तो अवाढव्य चेहरा. भाचा मांडीवरून सरळ खाली घसरला आणि दोन रांगांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत, सांडलेल्या पॉपकॉर्नवर, माझ्या गुडघ्यांना गाल लावून बसला. भाऊ मागून वाकून सांगत होता, “अरे, खोटं आहे ते, सगळं कम्प्युटरवर केलंय.” ते शब्दशः खरं होतं. ते अख्खं जंगल लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत उभं राहिलं आणि त्यात जवळपास तो मुलगाच तेवढा खरा. पण चार वर्षांच्या पोराला त्याचं काय?

भाचीचं निराळंच. ती हूं की चूं न करता शेवटपर्यंत बसली. म्हणून सगळ्यांना वाटलं हिला आवडला. सिनेमात मोगली मशाल घेऊन धावतो, ठिणग्या उडतात आणि जंगल पेटतं. पुढं कितीतरी रात्री ही मुलगी झोपायच्या आधी आईला विचारायची, “सिलिंडर बंद केलास ना?” लुई तिला आठवतही नव्हता. पुतण्याला मात्र सिनेमा अगदी मापाचा निघाला. परतताना रिक्षात तो गाय-म्हशींचे केस कसे केले असतील यावर बोलत होता.

एक सिनेमा, तीन मुलं, तीन वेगळ्या तऱ्हा, आणि त्यात काही गूढ नाही. जोअॅन कँटर या अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधिकेनं मुलं आणि पडद्यावरची भीती यावर आयुष्यभर काम केलं. तिचं सांगणं साधारण असं: सातेक वर्षांपर्यंतची मुलं दिसण्याला घाबरतात. विद्रूप चेहरा, अचानक बदलणारं रूप, मोठा आवाज. तो प्राणी चांगला की वाईट, हे नंतरचं. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ या मालिकेत सज्जन डॉक्टरचा हिरवा हल्क होतो आणि लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना त्या क्षणी हायसं वाटतं, आणि बालवाडीतली त्याच क्षणी सर्वांत जास्त घाबरतात. आठ-नऊनंतर पारडं फिरतं. राक्षस मागे पडतो आणि ‘हे आपल्याकडे घडू शकेल का’ हा विचार पुढे येतो. आग, अपघात, आजार, चोर, आई-बाबांचं काही झालं तर. समजावण्याचंही तसंच: मोठ्याला स्पष्टीकरण पुरतं, धाकट्याला कुशी आणि घोटभर पाणी लागतं.

म्हणून ‘सिनेमा भीतिदायक आहे का’ या प्रश्नाला अर्थ नाही. कोणासाठी, हे आधी ठरवा.

इथं हमखास एक काका म्हणतात, “आम्ही नाही का राक्षसांच्या गोष्टी ऐकत मोठे झालो?” झालो ना. खांब फोडून नरसिंह आला आणि हिरण्यकशिपूचं पोट फाडलं, हे ऐकतच आपण जेवलो. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ खायला टपलेला असतो आणि पोरं खदाखदा हसतात. पण सांगितलेल्या गोष्टीतला वाघ ऐकणारं पोर स्वतःच्या मापानं बेततं. त्याला सोसेल तेवढाच तो मोठा होतो. शिवाय सांगणाऱ्या आजीचा डोळा पोराच्या तोंडावर असतो. ओठ थरथरले की वाघ पटकन म्हातारीला सोडून देतो. पडदा कुणाकडे बघत नाही. आणि खरं सांगायचं तर आमच्याच पिढीला १९९३ च्या ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचू या बाहुल्यानं काय केलं ते आठवा. महेश कोठाऱ्यांचा विनोदी सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे समोर, सगळं घर हसतंय, आणि आमच्या नात्यातल्या एका मुलीनं आपली बाहुली माळ्यावर टाकायला लावली होती. ती आज चाळिशीकडे झुकली आहे. बाहुल्यांच्या दुकानात अजून रेंगाळत नाही.

आता प्रमाणपत्राबद्दल, कारण तेवढं बघून निर्धास्त होणारे पालक पुष्कळ. आधी नुसतं ‘यूए’ असायचं, म्हणजे बारा वर्षांखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीनं त्याचे तीन भाग केले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. हे चांगलंच झालं. पण लक्षात घ्या, हा सल्ला आहे, मनाई नाही. ‘ए’ सिनेमाला दारावर अडवतील. यूए १६+ ला तुम्ही कडेवर पोर घेऊन गेलात तरी कोणी अडवणार नाही. ओटीटीवरही २०२१ च्या नियमांनी असेच वयोगट आले, तरी पालकांच्या कुलपाची सोय देण्याची सक्ती यूए १३+ पासून वर. त्याखालचं तुमच्यावर.

अमेरिकेत हाच घोळ १९८४ मध्ये झाला. ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ आणि ‘ग्रेमलिन्स’ दोन्ही ‘पीजी’वर, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाच्या शेऱ्यावर, लागले, पहिल्यात छातीतून हृदय उपटून काढतात, आणि पालक खवळले. खुद्द स्पीलबर्गनं मधली पायरी सुचवली आणि त्याच उन्हाळ्यात ‘पीजी-१३’ आलं. त्यामुळे त्याआधीचा एखादा जुना ‘पीजी’ सिनेमा घरी लावताना आजचं माप गृहीत धरू नका. ब्रिटनचं बोर्ड जरा नेमकं बोलतं: पीजी सिनेमानं साधारण आठ वर्षांच्या मुलाला अस्वस्थ करू नये. म्हणजे सहाच्या मुलाची हमी कोणी दिलेलीच नाही. फॅवरोचा ‘जंगल बुक’ तिथंही पीजीच होता.

मग करायचं काय? शक्य असेल तर सिनेमा आधी स्वतः बघा. ते दर वेळी जमत नाही, हे मला कळतं. मग बघून आलेल्याला विचारा, पण ‘छान आहे का?’ असं नको. त्याचं उत्तर ‘छान आहे’ असंच येतं. कोण मरतं, आणि पडद्यावर मरतं की आडून? ओळखीचं, प्रेमाचं कोणी अचानक रूप बदलतं का? संकटाच्या वेळी आई-बाप कुठे असतात? मुकं जनावर दुखावतं का? सलग अंधार किती वेळ? हसायला कधी मिळतं? या प्रश्नांना बघणारा अडखळतो, आणि मग त्याला खरोखरीचं आठवायला लागतं.

मोठ्यांच्या नजरेतून निसटतं ते बहुधा रक्त नसतंच. ‘जंगल बुक’मध्ये शेरखान लांडग्यांच्या पिल्लांना जवळ घेऊन, अगदी मऊ आवाजात, कोकिळेची गोष्ट सांगतो. एक थेंब रक्त नाही. महिन्याभरानं भात कालवता कालवता भाच्यानं मला विचारलं, “आत्या, ती आई तिथंच होती ना? मग ती ओरडली का नाही?” त्याला राक्षा, मोगलीला वाढवणारी लांडगी, म्हणायचं होतं. आई समोर उभी आहे आणि काही करू शकत नाही, ही गोष्ट त्याला लुईपेक्षा जास्त वेळ पुरली होती. कळपाचा म्होरक्या अकेला, त्याचंही तेच. शेरखान शांतपणे बोलतो आणि बोलता बोलता त्याला कड्यावरून भिरकावतो. पूर्वसूचना नाही. मुलांच्या सिनेमात मृत्यू असावा की नसावा, यावर वाद घालण्यात मला रस नाही, असावा. पण त्याच्यानंतर पोराला श्वास घ्यायला जागा दिली आहे का, ते बघायला हवं.

गोष्ट आधी सांगून टाका. शेवटासकट. मोठ्यांना रहस्य फुटलं की राग येतो, लहानांना आधार वाटतो. म्हणून तर तीच गोष्ट ते शंभरदा मागतात.

थिएटरात कडेची खुर्ची घ्या, मागची रांग, दुपारचा खेळ, आणि लहान असेल तर थ्रीडी नको. चष्मा नाकावरून घसरतो आणि तो सावरण्यात गोष्टही हातची जाते. जाहिराती आणि ट्रेलर टाळून आत शिरा. भाषा पोराची असू द्या. सबटायटल न वाचता येणाऱ्याला आवाज आणि चेहरे एवढंच उरतं. आणि आपल्याकडे मध्यंतर असतं हे केवढं भाग्य! तिथं समोसा घेताना पोराचा चेहरा बघा. ‘घाबरलास का?’ हा प्रश्न वाया जातो, कारण मोठ्या भावंडांसमोर ‘हो’ कोण म्हणेल? ‘घरी जाऊन आमरस खायचा का?’ असं विचारा, तो चप्पल सरळ करायला लागला तर निघा. तिकिटाचे पैसे गेले ते गेले. ‘एवढा मोठा झालास आणि रडतोस?’ हे वाक्य मात्र सिनेमाइतकंच लक्षात राहतं, हे त्या काकांनाही कोणीतरी सांगायला हवं.

आणि सगळ्यांनी मिळून जायचा हट्ट सोडा. सातवीतल्याला घेऊन मामानं जावं, धाकट्याला घरी १९६७ चा डिस्नेचा ‘जंगल बुक’ लावून द्यावा. अठ्ठ्याहत्तर मिनिटांचा आहे, अकेला जिवंत राहतो, लुई नाचतो, आणि शेरखान शेपटीला बांधलेल्या जळत्या फांदीला घाबरून पळून जातो. तीच गोष्ट, दुसऱ्या वयासाठी. आमच्याकडे पुढच्या सुट्टीत तसंच झालं, आणि घरी राहिलेल्यानं तो लागोपाठ दोनदा बघितला.

सध्या घरोघरी भांडण आहे ते हॅरी पॉटरवरून. २००१ मध्ये पहिला सिनेमा आला, शेवटचा २०११ मध्ये. ज्यांनी तो दहाव्या वर्षी सुरू केला ते संपताना विशीत होते; हॅरीबरोबर सिनेमेही वयात आले. आता दुसरीतलं पोर सगळे आठ एका सुट्टीत उडवतं. तिसऱ्यातले काळ्या झग्यातले डिमेंटर बऱ्याच मुलांना जड जातात, आणि २००५ च्या चौथ्याला अमेरिकेत प्रथमच पीजी-१३ मिळालं, कारण तिथं शाळेतला मुलगा मारला जातो आणि त्याचा बाप त्याच्या देहाशी हंबरडा फोडतो. “वर्गातल्या सगळ्यांनी बघितलाय” या युक्तिवादापुढे आई-बाप टिकत नाहीत. भाचीपुरता आम्ही तोडगा काढला: चौथ्यापासून आधी पुस्तक वाचायचं, मग सिनेमा. ते पुस्तक सहाशेहून जास्त पानांचं आहे. ती दीडशेव्या पानावर असताना शाळा सुरू झाली.