वाइन जमवण्याआधी थर्मामीटर घ्या

घरी वाइनचा संग्रह सुरू करायचाय म्हणून सल्ला विचारायला येणारे आधी बाटल्यांची यादी मागतात. मी त्यांना आधी एक साधा थर्मामीटर घ्यायला सांगतो. बाटल्या जिथे ठेवायचा बेत आहे तिथे तो मे महिन्यातल्या दुपारी ठेवायचा आणि आकडा वाचायचा. निम्म्यांचा उत्साह तिथेच ओसरतो. पुढचं सगळं उरलेल्यांसाठी.

हा खडूसपणा माझ्या अंगी आला तो नाशिकच्या मेहुण्यांकडे. हॉलमध्ये त्यांचं सागवानी शोकेस होतं, काचेमागे दिवे, पाठीशी पश्चिमेची भिंत. भेट आलेल्या, परदेशवारीत घेतलेल्या बाटल्या लेबलं समोर करून वर्षानुवर्षं उभ्या होत्या. त्यांच्या एकसष्टीला "आता काढायच्याच" असं ठरलं आणि उघडायचं काम माझ्याकडे आलं. नाशिकचीच एक शेनिन ब्लाँ ग्लासात ओतली तर फिकट पिवळ्याऐवजी तपकिरी रंग, आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास. मग बोर्दो. फॉइल बोटांनी फिरवून पाहिलं तर ते मानेला चिकटलेलं. कापून काढल्यावर दिसलं, की बूच काचेच्या कडेवर किंचित उचलून आलंय आणि बाजूने वाइनचा ओघळ वाळून चिकट झालाय. उन्हाळ्यात आतली वाइन फुगते आणि बूच वर ढकलते. गारव्यात ती आकसते तेव्हा त्याच वाटेने हवा आत शिरते. घोट घेतला तर नुसती शिजवलेल्या फळांची चव. "अहो, ही मी धाकटीच्या लग्नासाठी ठेवली होती," मेहुणे म्हणाले. तरली ती एकच, भाच्याने लिस्बनहून आणलेली मदेरा. ती का तरली ते पुढे सांगतो.

वाइन मुरवायला साधारण १२ ते १४ अंश सेल्सियस तापमान लागतं, आणि ते वर्षभर स्थिर असावं लागतं. सोबत अंधार, ६०-७० टक्के दमटपणा, आणि बूच ओलं राहावं म्हणून आडवी बाटली. कुणी म्हणतं, आमच्या वाड्याला तळघर आहे. पण जमिनीखालचं तापमान त्या गावच्या वर्षभराच्या सरासरीच्या आसपास राहतं. शॅम्पेनच्या रेम्स शहराखालची चुनखडीची तळघरं १०-१२ अंशांवर असतात, कारण तिथली सरासरीच तेवढी आहे. पुण्या-नाशिकची सरासरी पंचविशीच्या घरात. आपलं तळघर शोकेसपेक्षा बरं, पण तिथे वाइन मुरत नाही, लवकर म्हातारी होते. माळ्याचं तर नावच काढू नका.

म्हणून आपल्याकडे संग्रह म्हणजे वाइनचा फ्रिज, आणि फ्रिजचं माप तेच संग्रहाचं माप. कॉम्प्रेसरवाला घ्या. कॉम्प्रेसर नसलेले छोटे फ्रिज गुपचूप चालतात, पण बाहेर चाळीस अंश झाले की मान टाकतात. डब्यावर लिहिलेली बाटल्यांची संख्या बोर्दोच्या सडपातळ बाटल्यांवरून मोजलेली असते. बर्गंडीच्या किंवा शॅम्पेनच्या गरगरीत बाटल्या घातल्या की ती खाली येते. मागे हवेला जागा ठेवा, आणि आत वेगळा थर्मामीटर ठेवा. माझा फ्रिज एकदा ऐन उन्हाळ्यात, आम्ही गावी असताना बंद पडला. दारावरचा आकडा मात्र शेवटपर्यंत १३ च दाखवत होता. घरचा नेहमीचा फ्रिज आठवडा-पंधरवड्यापुरता ठीक. तो फार थंड आणि कोरडा असतो, त्यात बुचं सुकतात.

आता बाटल्या. सगळ्याच वाइन लोणच्यासारख्या मुरत नाहीत. बहुतेक कोशिंबिरीसारख्या, ताज्या असतानाच खायच्या. मुरायला आंबटपणा, सालीचा तुरटपणा, साखर किंवा जास्तीचं अल्कोहोल यांतलं काहीतरी भरपूर लागतं. म्हणून संग्रहाचे तीन भाग करा.

पहिला, वर्षभरात संपवायचा. नाशिकच्या शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों ब्लाँ आणि रोझे यातल्या. सुला वाइनरीने २००० साली पहिली वाइन बाजारात आणली तीही शेनिन आणि सोव्हिन्योंच. आपल्याकडे द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा लेबलवरचं साल बघून ताज्यात ताजी उचला. पाच वर्षांपूर्वीची शेनिन "जुनी आहे, मुरलेली आहे" म्हणून पूर्ण किमतीला देऊ करणारा दुकानदार मलाही भेटलाय. त्याला नमस्कार करून बाहेर पडावं. या वाइनना बहुधा स्क्रू कॅप असते. त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात.

दुसरा, चार-पाच वर्षं ठेवून पाहण्याजोगा. ग्रोव्हरची ला रिझर्व्ह, अकलूजच्या फ्रातेलीची सेत्ते, सुलाची रासा शिराज यांसारख्या लाकडी पिंपातून आलेल्या लाल वाइन. एकेक बाटली घेऊन शोभा वाढवू नका. एकाच वाइनच्या, एकाच सालाच्या तीन घ्या. एक लगेच उघडा, दुसरी दोन वर्षांनी, तिसरी दुसरीच्या चवीवरून ठरवा. मुरणं म्हणजे काय ते असंच कळतं, पुस्तकातून कळत नाही.

तिसरा भाग लांब पल्ल्याचा: बोर्दो, बारोलो, चांगली जर्मन रिझलिंग, व्हिंटेज पोर्ट. आयात वाइनवर अनेक वर्षं १५० टक्के सीमाशुल्क होतं, वर राज्याचे कर. तेवढे पैसे देऊन, दहा वर्षं वीज आणि नशीब यांच्या भरवशावर राहणं नवख्याने टाळावं. त्यापेक्षा स्पेनची रिओहा ग्रान रेझेर्व्हा घ्या. ही लाल वाइन किमान पाच वर्षं, त्यातली किमान दोन पिंपात, मुरवल्याशिवाय विकताच येत नाही. म्हणजे सांभाळायचं काम त्यांनी त्यांच्या गारव्यात आधीच केलेलं असतं.

आणि ती मदेरा. पोर्तुगीज जहाजं मदेरा बेटावरची वाइन पिंपांत भरून हिंदुस्थानाकडे निघत. उष्ण कटिबंधातून फिरून परत आलेली पिंपं घरी राहिलेल्यांपेक्षा चवदार निघाली, तेव्हापासून तिला मुद्दाम उष्णता देऊ लागले. उत्तम मदेरा आजही उबदार माळ्यांवर वर्षानुवर्षं मुरते. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असतं, म्हणून शोकेससुद्धा तिचं काही बिघडवू शकलं नाही. उघडल्यावरही ती महिनोन्‌महिने टिकते. फक्त ती उभी ठेवायची. तिचं अल्कोहोल आणि आंबटपणा बूच खातात. विमानतळावर दोन लिटरची मुभा असते, त्यात एक मदेरा बसवा.

दुकानात शिरल्यावर बाटली कुठे ठेवलीय ते बघा. दर्शनी काचेत उन्हात उभी असलेली नको, रात्री एसी बंद होतो का तेही विचारा. वाइनची पातळी मानेत असावी, बूच फॉइलखाली सपाट असावं. घेतल्यावर गाडीच्या डिकीत टाकून बाजारहाट करत फिरू नका. महाराष्ट्रात परवाना काढा, आणि घरी किती साठा चालतो हे उत्पादन शुल्क खात्याकडे आधी विचारा. गोव्यात स्वस्त मिळते म्हणून गाडीत भरून आणाल, तर सीमेवर संग्रह जप्त होईल.

सुरुवातीला डझनभर पुरेत: सहा ताज्या, दुसऱ्या गटातल्या तीन, दोन रिओहा, एक मदेरा. प्रत्येकीच्या मानेला चिठ्ठी बांधा, तिच्यावर किंमत नको, कधीपर्यंत प्यायची ते साल लिहा. आणि फ्रिज भरलेला दिसला की समाधान मानू नका. या शनिवारी जेवायला कुणाला बोलवायचं ते ठरवा.