चांदीचा बाण
(वरच्या इयत्तांसाठी पूरक पाठ)

इंग्लंडच्या उत्तर भागात यॉर्कशायर नावाचा विस्तीर्ण परगणा आहे. त्यातील स्कॉर्टन या लहानशा गावी १४ मे १६७३ रोजी काही धनुर्धर एकत्र जमले. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. बंदुकीच्या प्रसारामुळे इंग्लंडच्या रणांगणावरून धनुष्य तेव्हा मागे पडले होते; परंतु धनुर्विद्येची आवड लोप पावली नव्हती. त्या दिवशी चांदीच्या एका बाणासाठी स्पर्धा झाली. मध्यंतरीचे काही खंड सोडल्यास ती आजतागायत चालत आली आहे.

स्पर्धेची रीत अशी. चार फूट व्यासाचे लक्ष्य १०० वारांवर, म्हणजे सुमारे ९१ मीटरांवर उभे करतात. त्यावर एकात एक अशी रंगीत वर्तुळे असतात. सर्वांत बाहेर पांढरे, तर मध्यभागी सोनेरी. या सोनेरी वर्तुळाच्या केंद्रस्थानी तीन इंच व्यासाचा काळा ठिपका असतो. तो ठिपका जो प्रथम वेधील, त्याला चांदीचा बाण मिळतो व तो ‘बाणाचा कप्तान’ म्हणून ओळखला जातो. दिवसभर अधिक गुण मिळविणाऱ्यालाही ठिपका न साधल्यास हा मान मिळत नाही.

परंतु मानाबरोबर जबाबदारीही येते. बाण कप्तानाजवळ राहतो तो केवळ पुढील स्पर्धेपर्यंत. ती स्पर्धा यॉर्कशायरमध्ये भरविण्याचे काम त्याच्याकडेच असते. मैदान पाहणे, लक्ष्ये मांडविणे, पाहुण्यांची सोय लावणे, हे सारे विजेत्याने पार पाडावयाचे. त्यामुळे स्पर्धा एकाच गावात अडकून राहिली नाही. विजय मिळवून जो तो स्वस्थ घरी बसता, तर ही परंपरा केव्हाच खुंटली असती.

मागे पडणाऱ्यांचाही येथे विसर पडत नाही. दिवसातील अखेरचा बाण ज्याचा पांढऱ्या वर्तुळात लागेल, त्याला शिंगाचा चमचा देऊन थट्टेने गौरवितात. मात्र जिभेला लगाम नसणाऱ्याची गय नाही. नेम चुकला म्हणून कोणी अपशब्द उच्चारला, तर त्याला एक शिलिंग दंड, असा जुना नियम आहे. हात चुकला तर क्षमा आहे, वाणी चुकली तर नाही.

शिक्षकांसाठी : पटांगणावर १०० वार अंतर मोजून दोन्ही टोकांना विद्यार्थी उभे करावेत. चार फूट व्यासाचे वर्तुळ चुन्याने आखून त्याच्या मध्यभागी तीन इंचांची कागदी चकती ठेवावी. लक्ष्याचा व्यास ठिपक्याच्या १६ पट आणि क्षेत्रफळ २५६ पट कसे होते, हे मुलांकडूनच काढून घ्यावे. शाळेतील एखाद्या वार्षिक स्पर्धेच्या तयारीत गतवर्षीच्या विजेत्यांना प्रमुख काम देऊन पाहावे.

स्वाध्याय :
१. स्पर्धा सुरू होऊन यंदा किती वर्षे झाली?
२. सर्वांत अधिक गुण मिळवूनही एखाद्याला बाण का मिळत नाही?
३. विजेत्यावर पुढील वर्षाचे काम सोपविल्याने काय साधते?
४. अपशब्दास दंड, पण चुकलेल्या नेमास दंड नाही, असे का असावे?