एका पोराला हाताशी धरताना

जुन्नरच्या किंवा घोडेगावच्या आयटीआयतलं एखादं पोर हाताशी धरणार असशील, तर आधी त्याचं गाव विचार. पोर कुकडनेरातलं, मीननेरातलं की थेट आहुप्याकडचं, यावरून त्याचा दिवस कळतो. पहाटेची एसटी किती वाजता, ती चुकली तर पुढची कधी, हे तुला तोंडपाठ हवं. परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते, आणि ती बहुतेकांची रस्त्यातच जाते. सलग चार दिवस दिसला नाही की त्याच आठवड्यात घर गाठ. महिना गेला की पोर लाजेनंच परत फिरकत नाही.

हंगाम ध्यानात ठेव. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करायला अख्खं घर रानात असतं. रोख पैसा त्याच दिवसांत हाती येतो. पावसाळ्यात भाताची आवणी, दिवाळीच्या सुमारास काढणी. ‘घरी काम आहे’ म्हणाला तर खरं मान. कोणते दिवस बुडतील ते त्याच्या आईबापांसमोर, त्याच्यासकट बसून आधी ठरवा. निदेशकांना सांगायला मात्र त्यालाच पाठव.

फिटरच्या पोराचं घोडं पुष्कळदा व्हर्निअरवर अडतं. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकत्या पट्टीवर ५० भागांत वाटलेले असतात, म्हणून एक भाग ०.९८ चा आणि फरक ०.०२ चा. हे घोकून घेण्यात वेळ घालवू नकोस. रुपयाचं नाणं, खिळा, सायकलची तार, जे दिसेल ते त्याला मोजायला लाव आणि आकडे वहीत लिहायला लाव. जॉब काटकोनात बसत नसेल तर गुण्या लावून उजेडाकडे धरायला सांग. फट कुठं आहे ती त्याची त्यालाच दिसू दे. कानस त्याच्या हातातून घेऊ नकोस. कितीही हात शिवशिवले तरी नाही. तू दोन हात मारून जॉब सरळ केलास, की त्याला वाटतं आपल्याच्यानं हे होणार नाही.

‘समजलं का?’ असं विचारलंस तर तो ‘हो’च म्हणणार. ‘आता मला करून दाखव’ म्हण. मनातलं विचारायचं ते स्टँडकडे चालत जाताना विचार. टेबलासमोर उभं केलेलं पोर बोलत नाही. मुलगी असेल तर चार माणसांच्या वावरात, उघड्या जागी बस, आणि तुम्ही कधी बसता ते तिच्या आईला ठाऊक असू दे.

पुढं चाकणला शिकाऊ उमेदवार म्हणून निघाला, तर पहिलं विद्यावेतन हाती पडेपर्यंत खोलीभाडं आणि मेस कशातून भागवायची, ते निघण्याआधी कागदावर मांडा. गावचा कुणी तिथं आधीच राहत असेल तर त्याच्या खोलीवर सोय होते का बघ. १९६१ च्या कायद्याखालचा करार त्याला एकदा शांतपणे वाचायला लाव; मधेच सोडलं तर प्रमाणपत्र हातचं जातं. आणि पहिल्या रात्रपाळीनंतर सकाळीच फोन कर. दुपारी तो झोपलेला असेल.