वेण्णा तलाव आणि लिदीचे खत

महाबळेश्वर येथील वेण्णा तलाव साताऱ्याचे छत्रपती शहाजी तथा अप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये बांधविला. आज तेथे पर्यटक नौकाविहार करतात व काठावर घोड्यावरून रपेट मारतात. परंतु हाच तलाव महाबळेश्वर व पाचगणीस पिण्याचे पाणीही पुरवितो. त्यामुळे काठावर पडणाऱ्या लिदीचा प्रश्न केवळ स्वच्छतेचा नसून आरोग्याचा आहे.

सुमारे ३०० किलो वजनाचा घोडा दिवसाला १० किलोंच्या आसपास लीद टाकतो. या हिशेबाने १०० घोड्यांची लीद रोज एक टन भरते. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. उघड्यावरील लीद त्या पाण्याबरोबर तलावात उतरते. तिच्यातील जंतूंमुळे अतिसारासारखे रोग पसरू शकतात. नत्र व स्फुरद यांमुळे शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरतात.

तीच लीद कुजवून मातीत घातल्यास उत्तम खत होते. त्यासाठी ती रोज गोळा करावी. तलाव व ओढ्यांपासून दूर, उंचवट्यावर, छपराखाली लीद, पालापाचोळा आणि उपाहारगृहांतील भाजीपाल्याचा कचरा यांचे थर देऊन सुमारे १ मीटर उंचीचा ढीग रचावा. मूठभर मिश्रण दाबले असता हात ओलसर व्हावा, परंतु पाणी गळू नये. ढिगातील उष्णता काही दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिली म्हणजे बहुतेक रोगजंतू व तणांचे बी मरते. बाहेरचा भाग आत जावा म्हणून ढीग आठवड्यातून एकदा वरखाली करावा. तीन-चार महिन्यांत खत काळपट व भुसभुशीत होते.

परिसरातील स्ट्रॉबेरीच्या मळ्यांस हे खत उपयुक्त आहे. मात्र हे फळ जमिनीलगत येते व कच्चेच खाल्ले जाते. म्हणून ताजी लीद मळ्यात घालू नये.

घोडेवाल्यांची रोजी बंद करणे हा यावरील उपाय नव्हे. लीद घोडेवाल्यांनी उचलावी, जागा व छप्पर नगरपरिषदेने द्यावे आणि तयार खत शेतकऱ्यांनी विकत घ्यावे, अशी वाटणी झाल्यास पाणी व पोट दोन्ही राखता येतील.

संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या पांढुर्णा-सौंसर भागातील तिगावसारख्या गावांनाही हा धडा घेण्याजोगा आहे. शेण असो वा निर्माल्य, त्याची जागा पाण्यात नसून खताच्या खड्ड्यात आहे.