चोच मोडली तर आधी पोटाकडे बघा

उन्हाळ्यात बल्लारपुरात दिवसभर पंखे आणि कूलर सुरू असतात. अशात पिंजऱ्यातून मोकळा सोडलेला मिठ्ठू फिरत्या पात्यावर आदळला की पुष्कळदा मार चोचीवरच बसतो. शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याशी चावाचावी, मांजराचा पंजा, हीही नेहमीचीच कारणं. मांजराचा दात किंवा नख लागलं असेल, तर जखम कितीही बारीक दिसो, त्याच दिवशी पशुवैद्यक गाठा. मांजराच्या लाळेतले जंतू पक्ष्याला झपाट्यानं संपवतात.

चोचीचं वरचं आवरण आपल्या नखासारखं असतं, पण आत हाड, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. त्यामुळे रक्त येतं, दुखतंही. पक्ष्याला मऊ कापडात अलगद धरा, पण छाती आवळू नका. त्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं, छाती हलली नाही तर श्वासच अडतो. चिमूटभर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसानं दोन-तीन मिनिटं हलकं दाबा, नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवा. हळद-तेलाचा लेप नको आणि तुटलेला तुकडा घरीच चिकटवायचा उद्योग तर मुळीच नको. आपल्या दुखण्याच्या गोळ्याही देऊ नका. मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधानं आपल्याकडची गिधाडं संपत आली. म्हणूनच २००६ साली ते जनावरांसाठी बंद झालं.

खरा धोका असतो उपासमारीचा. मिठ्ठू दाणा उचलतो, जिभेवर फिरवतो, फोडता न आल्यानं टाकून देतो. घरच्यांना वाटतं, खातोय की! म्हणून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज सकाळी खाण्याआधी वजन करा. १२० ग्रॅमचा पक्षी १०८ वर आला तर थांबू नका. विष्ठा अगदी थोडी आणि गडद हिरवी होणं, हीही उपाशी असल्याची खूण.

ज्वारीच्या कण्या, लाल भोपळा, रताळं, डाळ, सगळं मऊ शिजवून, बिनमिठाचं, कोमट करून पसरट वाटीत द्या. कुस्करलेलं केळं, उकडलेलं अंडंही चालतं. ड्रॉपरनं घशात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

जखमी पक्ष्याला ऊब द्या, असं सगळीकडे सांगतात. थंडीत ते बरोबर आहे, पण चंद्रपूरच्या मे महिन्यात तीच ऊब जीव घेईल. तो चोच उघडून धापा टाकत असेल, पंख अंगापासून दूर धरत असेल, तर सावलीत हलवा. कूलरचा झोत मात्र थेट अंगावर नको.

टोकाचा टवका काही महिन्यांत भरून येतो. हाडासकट तुटलेला भाग परत येत नाही. तरी असे काही पक्षी मऊ खाण्यावर वर्षानुवर्षं जगतात. तुटलेल्या भागासमोरची चोच झिजत नाही म्हणून वाढत राहते, ती अधूनमधून डॉक्टरांकडून कापून घ्यावी लागते.

आता अडचणीची गोष्ट. आपले देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. बजरीगर, कॉकटील हे परदेशी पक्षी, त्यांची गोष्ट वेगळी. पण कारवाईच्या भीतीनं जखमी मिठ्ठू घरात दडवून ठेवला तर मरतो तोच. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक लावा. चंद्रपुरात त्यांचं वन्यजीव उपचार केंद्रही आहे. इजा कधी झाली, शेवटचं कधी खाल्लं आणि आजचं वजन किती, हे फोनवरच सांगा.