नव्या कपाटाचा वास

गेल्या वर्षी मे महिन्यात पुण्यास कोथरूडात आम्ही एक सुसज्ज सदनिका अकरा महिन्यांच्या कराराने घेतली, तेव्हा तेथील भिंतभर उंचीची पांढरीशुभ्र नवी कपाटे पाहून पत्नी हरखून गेली, आणि त्यांतून येणारा झोंबरा वास नवेपणाचा आहे, आठ दिवसांत जाईल, हे घरमालकांचे म्हणणे मीही निमूटपणे मान्य केले. वास्तविक तो मला ओळखता यावयास हवा होता. कारण महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या बरणीचे झाकण काढताच डोळ्यांत पाणी आणणारा जो फॉर्मलिनचा दर्प येई, तोच हा होता, आणि फॉर्मलिन म्हणजे पाण्यात विरघळलेला फॉर्माल्डिहाइड वायूच.

पाऊस लागला, खिडक्या मिटल्या, आणि सहा वर्षांच्या आमच्या मुलीस रात्रभर न थांबणारा कोरडा खोकला जडला. पत्नीचे डोळे चुरचुरत, कपाटातून काढलेल्या सुती साड्यांनाही तोच वास येई. तरी दोन महिने आम्ही पुण्याच्या हवेलाच बोल लावीत औषधे बदलीत राहिलो. गणपतीला वाईच्या घरी गेलो असता चौथ्या रात्री मुलगी शांत झोपली, आणि परतल्यावर दुसऱ्याच रात्री खोकला पुन्हा उसळला, तेव्हा कोठे माझे लक्ष औषधांवरून घराकडे वळले.

ओळखीच्या सुतारमामांनी तळाची फळी ओढून उलटी धरली. दर्शनी बाजूस गुळगुळीत सनमायका, पण मागची कड उघडी, आणि ओल लागून ती भिजल्या भुशासारखी फुगलेली. “साहेब, हे लाकूड नव्हे, भुसा अन् सरस,” एवढेच ते म्हणाले. हा सरस म्हणजे बहुधा युरिया-फॉर्माल्डिहाइडची राळ. उष्णतेने व दमटपणाने तिचे विघटन होऊन वायू सुटत राहतो, आणि हे आठ दिवस नव्हे, महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. घरातील हवेत अर्ध्या तासाच्या सरासरीने घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅमपेक्षा हा वायू अधिक नसावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्यास मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत गणले आहे.

वास मारण्यासाठी आम्ही कापूर ठेवला, उदबत्त्या लावल्या. पुढे कळले की उदबत्तीच्या धुरातही हाच वायू असतो, आणि ज्या खोलीत मूल खोकत होते तीतच आम्ही त्याची भर घालीत होतो, ही गोष्ट आजही माझ्या मनाला लागून आहे. गुण आला तो निजण्याच्या खोलीतील कपाट बाहेर काढल्याने, उरलेल्यांच्या उघड्या कडा लॅमिनेटने बंद केल्याने आणि समोरासमोरच्या खिडक्या पावसातही थोड्या उघड्या ठेवल्याने.

म्हणून घर पाहावयास जाल तेव्हा ते आदल्या रात्रीपासून बंद ठेवावयास सांगा आणि भर दुपारी जा. पहिला श्वास महत्त्वाचा, कारण नाक थोड्याच वेळात वासाला सरावते. खण ओढा, फळीच्या खालून व मागून हात फिरवा. लेखी, नोंदणीकृत करार करून घ्या आणि सामानाविषयीची अट त्यातच घाला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वये नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे, आणि त्याने कसूर केल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मी अट तोंडीच ठेवली होती, करारात तिचा मागमूस नव्हता, आणि कपाट काढल्याबद्दल अनामत रकमेतून कापून गेलेले पैसे मला परत मिळाले नाहीत.

जुन्या वास्तूत धोका निराळा. घरगुती रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासूनच लागू आहे. त्यापूर्वीचा पोपडा धरलेला रंग लहान मूल घरात असताना कोरडा घासू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्यास भोक पाडू नये, तो फोडू नये.

घर सोडण्याच्या आठवड्यात एक तरुण जोडपे ते पाहावयास आले. बाईंच्या कडेवर तान्हे मूल होते. मूल यजमानांकडे देण्यास सांगून मी बैठकीतले कपाट उघडले आणि त्यांना वाकून खालच्या खणाशी श्वास घेण्यास सांगितले. त्या वाकल्या, क्षणभर थांबल्या आणि पदर नाकाशी धरून चटकन मागे सरल्या.